माझं दुसरं जावळ

माझं जावळ दोनदा काढलं. पहिल्या वेळी मी दीड वर्षाचा होतो आणि दुसऱ्या वेळी एकोणतीस वर्षांचा. दोन्ही वेळा मला मामाच्या मांडीवर बसवलं होतं, दोन्ही वेळा जरीचं टोपडं घातलं होतं, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या वेळी मी जास्त शहाण्यासारखा वागलो होतो.

झालं ते सगळं टकलामुळे. टक्कल ही आमच्या घराण्याची वडिलोपार्जित मालमत्ता. आजोबांकडून आबांकडे आलं, आबांकडून माझ्याकडे. तलाठ्याकडे नोंद नाही, वाटणीचा कागद नाही, तरी आजवर एकाही वारसाचा हक्क बुडालेला नाही. पंचविशीत माझं कपाळ वर सरकायला लागलं, आणि अठ्ठाविशीपर्यंत तोंड धुताना साबण कुठवर लावायचा हा प्रश्न पडायला लागला.

तसं आमच्या शेवगावच्या बाजूला याचं कुणाला काही वाटत नसे. पुरुषाच्या डोक्यावर टोपी ही पायातल्या वहाणेइतकी ठरलेली. तिच्याखाली काय पिकतं हे कुणी विचारायला जात नाही. पण मी नोकरीला होतो कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात, ऊस खात्यात कारकून. सत्तर-एकाहत्तरचा तो काळ. बरोबरीच्या पोरांनी टोप्या केव्हाच खुंटीला लावल्या होत्या. केसांचा पुढं कोंबडा काढायचा, त्यावर तेल चोपडायचं आणि कंगवा मागच्या खिशात ठेवायचा! मी एकटाच टोपीवाला. साहेबांना वाटायचं, हा पोरगा फार देशभक्त आहे.

अशात माझं लग्न ठरायची वेळ आली. मिरजगावची मुलगी होती, शालन. अध्यापिकेचा कोर्स करत होती. त्यांची कुलदेवी आणि आमची कुलदेवी एकच, आमच्या गावच्या टेकडीवरची; तिच्याच जत्रेत कुणीतरी दोन्ही घरांची गाठ घालून दिली होती. आम्ही मुलगी बघायला गेलो. मी, आई, आबा आणि तात्यामामा. तात्यामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. माणूस जिवाला जीव देणारा, पण बोलताना हात सैल. वाढप्यानं कढी वाढावी तसं बोलायचा, ताटात किती आणि ताटाबाहेर किती याचा हिशेबच नाही.

बैठकीत उकडत होतं. शालनचे वडील रंगनाथराव सरळ मनानं म्हणाले, "पाव्हणं, टोपी काढून निवांत बसा की."

मी टोपीकडे हात नेला, तोच मामानं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! त्यानं टोपी काढली की केस उसळत्यात. मग टोपी परत बसत न्हाई."

"येवढे दाट?"

"भरगच्च! कंगव्याचं दात मोडत्यात. ह्याला येताना बघितलं की न्हावी दुकान लावून घेतो!"

रंगनाथराव कौतुकानं माझ्या टोपीकडे बघायला लागले. पोह्यांचं तबक घेऊन आलेल्या शालननंही डोळे वर करून टोपीकडेच बघितलं. मी मान खाली घालून पोहे खात राहिलो.

आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिनं शालनला जवळ बसवून घेतलं होतं आणि तिची वेणी हातात घेऊन, बाजारात मेथीची जुडी तोलावी तशी तोलून बघत होती. वेणी कमरेखाली आलेली, मनगटाएवढी जाड. परतीच्या एस.टी.त आईचा एकच घोष. "काय केस बाई, काय केस! आता नातवंडं तरी केसाळ निपजतील. आमच्या घराण्याचं पांग फिटलं."

सुपारी फुटली. शालनची परीक्षा व्हायची होती म्हणून लग्न वैशाखात धरलं. सगळे खूश. मला मात्र झोप येईना. माझा स्वभावच असा की शेजाऱ्याची कोंबडी हरवली तरी मला अपराधी वाटतं. इथं तर प्रत्यक्ष माझ्या डोक्याबद्दल खोटं बोललं गेलं होतं! बोलला मामा हे खरं, पण डोकं माझं होतं आणि मी त्याखाली गप्प बसून पोहे खात होतो. एका भल्या घरची मुलगी माझे केस गृहीत धरून संसाराची स्वप्नं बघते आहे, या विचारानं माझे उरलेसुरले केसही गळायला लागले.

दोनच मार्ग होते. एक तर खरं सांगून टाकायचं, नाहीतर खोट्याचं खरं करून दाखवायचं. पहिल्या मार्गाला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी दुसरा निवडला.

त्याचं असं झालं की कारखान्याच्या वाचनालयात एका मासिकात मी वाचलं होतं, परदेशात डोक्याच्या मागचे केस काढून पुढं लावतात आणि ते उगवतात. आता हे मुंबईतही एक डॉक्टर करतात, असंही त्यात होतं. दिवाळीचा बोनस नुकताच झाला होता. घरी "ऊस खात्याचं काम आहे" असं सांगून मी मुंबई गाठली.

डॉक्टर शांत, समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. मानेच्या वरचे केस जातीनं चिवट असतात, म्हातारपणीही गळत नाहीत. तिथून ते कातडीसकट उचलून पुढं लावले तरी आपली जात सोडत नाहीत. मग त्यांनी पेन घेऊन माझ्या कपाळावर खूप वरच्या बाजूला एक नागमोडी रेघ काढली. मी आरशात बघितलं. शेजाऱ्यानं बांध कोरल्यासारखी ती रेघ होती!

"डॉक्टर, ही वाकडी आहे."

"वाकडीच हवी. निसर्गात सरळ रेघ नसते. पुढं बारीक आणि विरळ, मागं दाट, असं असलं तरच खरं वाटतं. शिवाय हे एका बैठकीत होत नाही. तीन-चार वेळा यावं लागेल. मधल्या मोकळ्या जागा नंतर भरू."

आता मी ऊस खात्यातला माणूस. शेतात दोरी धरून सरी आखायची, वाकडी गेली तर मोडून परत आखायची, हे माझं रोजचं बोलणं. मी म्हणालो, "सरळ रेघ काढा. आणि जरा खाली घ्या. आणि एकाच बैठकीत उरका, माझं लग्न आहे."

"अहो, माणसाच्या डोक्याला दोरी लावत नाहीत."

"लावा!"

डॉक्टरांनी आणखी एकदा समजावलं. मी आणखी एकदा "लावा" म्हणालो. शेवटी ते म्हणाले, "कपाळ तुमचं आहे." (हे वाक्य मला आजही अधूनमधून ऐकू येतं.)

पुढचं फार वर्णन करत नाही. सुई टोचून डोकं बधिर केलं. मग एक पोकळ, गोल पात्याचं हत्यार. कलिंगड पिकलंय का बघायला गोल तुकडा काढतात ना, तसाच माझ्या डोक्याच्या मागून तुरीच्या दाण्याएवढा तुकडा केसांसकट काढायचा आणि पुढं तेवढंच भोक पाडून त्यात बसवायचा. दुखलं नाही. फक्त आवाज ऐकू येत होता. वाळलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तसा आवाज.

परत येताना डोक्याला ही मोठी पट्टी. एस.टी.त शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं आपुलकीनं विचारलं, "बांधावरनं झालं का?"

"नाही हो, तसं काही नाही."

"मंग पान्याच्या पाळीवरनं आसंल. दुसऱ्याला किती लागलं?"

मी पट्टी चाचपली. त्यावरून त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि नगर येईपर्यंत मला खिडकीची जागा दिली.

गावी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. आई रडली. आबा रडले नाहीत. त्यांनी मला दारात उजेडाला बसवलं, पट्टी सोडायला लावली, आणि उकिडवे बसून माझं डोकं दोन्ही हातांनी इकडून तिकडून वळवून बघितलं.

"लावन कुनी केली?"

"डॉक्टरांनी."

"सरी सरळ हाय. हात चांगला हाय मानसाचा. पर अंतर लई ठिवलंय. मधी नांग्या दिसत्यात."

नांगी म्हणजे उसाच्या ओळीत डोळा न उगवल्यानं राहिलेली मोकळी जागा. मी म्हणालो, "नांग्या नंतर भरायच्या असतात, आबा."

"आन पानी?"

"काही दिवस पाणी लावायचं नाही म्हणालेत."

आबांचा चेहरा पडला. "लावन केली आन पानी न्हाई? मंग जगंल कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत बसलो होतो. मागं चाहूल लागली म्हणून वळून बघतो तर आबा तांब्या घेऊन उभे! "थोडंसंच," ते म्हणाले, "मुळाला वल लागंल येवढं." मी तोंडात मंजन तसंच ठेवून पळालो.

डॉक्टरांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं की लावलेले केस महिनाभरात गळून पडतील, घाबरायचं नाही, मुळं आत जिवंत असतात आणि तीन-चार महिन्यांनी नवे केस येतात. मी ते घरातही सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि उशीवर गळालेले केस बघणं वेगळं! एकेक करून सगळे गेले. पुढं उरल्या फक्त ओळीनं गोल खुणा, कुणीतरी माझ्या कपाळावर सोंगट्यांचा डाव मांडून अर्धवट सोडून गेल्यासारख्या.

"रोप मेलं," पुढच्या खेपेला मी गावी गेलो तेव्हा आबा म्हणाले. आणि शेतावर निघून गेले.

आईनं नारळ घेतला, डोक्यावर पदर घेतला आणि टेकडी चढून गेली. परत आली ती हसत.

"देवीला सांगून आले."

"काय सांगितलंस?"

"माझ्या बाळूला केस येऊ दे. पयलं जे येतील ते तुझ्या पायाशी वाहीन. चैताच्या जत्रंत, रीतीनं जावळ काढीन."

"जावळ?" मी ओरडलो. "आई, मी एकोणतीस वर्षांचा आहे!"

"मंग? पयल्या केसाला जावळच म्हनत्यात."

मी मनातल्या मनात मांडणी केली. जत्रा चैत्र पौर्णिमेला. लग्न वैशाखात. म्हणजे ज्या लग्नासाठी केस लावले, त्या लग्नाच्या तोंडावर ते काढायचे! मी स्वतःची समजूत घातली की नाहीतरी केस येणारच नाहीत.

आले. फाल्गुन सरता सरता आले! आणि काय वर्णावं! प्रत्येक गोल खुणेतून दहा-बारा राठ केसांचा एक झुपका. झुपका, मोकळी जागा. झुपका, मोकळी जागा. कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत दोरी लावल्यासारखी ओळ. लोकांचे केस वाऱ्यानं भुरभुरतात, माझे एका हुकमात डावीकडे आणि एका हुकमात उजवीकडे वळत. ऊस खात्यातल्या एका मित्रानं जवळ येऊन नुसतं बोट फिरवलं आणि विचारलं, "हे आखलं कुणी रे?" बुटाच्या ब्रशाला तोंड फुटलं तर तो कसा दिसेल, ते बघायला लोक माझ्या टेबलापाशी येत होते.

तरी सांगतो, मला त्यांचा लळा लागला. मी त्यांना तेल लावत होतो. पुढचे मागं वळवून नांग्या झाकत होतो. खरे नसतील दिसत, पण होते तर माझेच ना! शालनपुढं टोपी काढून उभं राहता आलं असतं. आणि आता तेच द्यायचे?

जत्रेच्या आदल्या दिवशी घरात पंचायत बसली. तात्यामामाला मुद्दाम बोलावून घेतलं. मी माझी बाजू मांडली. "आई, हे केस नवे नाहीतच. मागचेच पुढं आणलेत. त्यांचं जावळ मी दीड वर्षाचा असतानाच झालंय!"

मामानं मांडीवर थाप मारली. "बराबर हाय, अक्का! गाव बदललं म्हनून मानसाचं कुनी परत बारसं करीत न्हाई."

आई चुलीपुढून उठली. पदराला हात पुसत बाहेर आली. "मला सांग तात्या, डॉक्टरानं लावलेलं केस गळालं का न्हाई?"

"गळालं."

"समद्यांदेखत?"

"समद्यांदेखत."

"मंग आता आलं ते कुनी दिलं?"

मामानं माझ्याकडे बघितलं, मी मामाकडे. आबा म्हणाले, "ही बाई वकील व्हायची. माझ्या घरात भाकरी थापत बसली."

"अक्का म्हनती त्येच खरं," मामानं तिथल्या तिथं बाजू बदलली.

शेवटी तोड निघाली. सगळे केस काढायचे नाहीत. मामानं रीतीप्रमाणे एकच बट कापायची, ती देवीपुढं ठेवायची. तेवढ्यावर देवी ऐकेल. पण मांडी, औक्षण, टोपडं, सगळं रीतीनं. आणि मिरजगावची मंडळी जत्रेला येणार होती, त्यांचं काय? मामा म्हणाला, "ती संध्याकाळच्या गाडीनं येत्यात. आपन सकाळीच उरकून घिऊ."

सकाळी देवळाच्या पायरीखाली लिंबाच्या सावलीत जावळाची रांग लागली होती. लहान लहान पोरं, त्यांचे मामा, आत्या, ताटं, निरांजनं. समोर घोंगडी अंथरून केस काढणारे शंकरदादा बसले होते आणि त्यांच्या बाजूला सकाळपासून निघालेल्या जावळांचा काळाभोर ढीग साठला होता. आमचा नंबर आला. तात्यामामा पायरीवर बसला आणि मी त्याच्या मांडीवर. मामाचं वजन माझ्या निम्म्यानं असेल.

"हलू नगंस," तो दात चावून म्हणाला.

माझ्याकडे बघून एक पोर रडायचं थांबलं. दुसरं नव्यानं सुरू झालं. एक बाई रांगेतून डोकावून म्हणाली, "अगं बया! ह्यो एवढा?"

"जरा उशीर झाला," आबा म्हणाले.

आईनं ओवाळलं. मामानं कात्री घेतली. मामाला जवळचं धड दिसत नाही आणि चष्मा त्यानं ऐटीत घरी ठेवला होता. त्यानं अंदाजानं कात्री चालवली आणि ओळीच्या बरोब्बर मधला झुपका बुडापासून उडवला.

"झालं ना, मामा?"

"झालं. पर..."

"पण काय?"

"मधी नांगी पडली."

आबा पुढं झाले. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. "मधली नांगी लई वंगाळ दिसती. शेजारचा काढून सारखं कर."

शेजारचा गेला. मग डावीकडचं उजवीकडच्याशी जुळेना. मग उजवीकडचा गेला. मग आबांना वाटलं, एकाआड एक ठेवले तर बरं दिसेल. ते दोघं माझ्या डोक्यावर वाकून असे बोलत होते की जणू मी तिथं नव्हतोच.

"ह्यो ऱ्हाऊ दे."

"ह्यो? ह्याचं त्वांड तिकडं हाय."

"मंग काढ."

शेवटी शंकरदादांना बघवेना. "सरका पाव्हणं," ते म्हणाले, आणि चार हात मारून त्यांनी माझं डोकं पुढून, मागून, सगळीकडून तांब्यासारखं घासून काढलं. एवढ्या खटपटीनं मिळवलेलं सगळं घोंगडीवर पडलं. मी खाली बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, मी भक्तीनं गहिवरलो. आईनं लगबगीनं पिशवीतून टोपडं काढलं. लाल जरीच्या खणाचं, वर गोंडा, हनुवटीखाली बांधायला बंद. आणि बरोबर माझ्या मापाचं! ते तिनं कधी शिवलं होतं, देवीलाच ठाऊक. तिनं बंद बांधला, गालाला तीट लावली, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"रामराम पाव्हणं!"

रंगनाथराव! मागं त्यांची बायको, आणि त्यांच्या मागं, हिरव्या पातळात, शालन. संध्याकाळच्या गाडीला गर्दी असते म्हणून ते सकाळच्याच मालट्रकनं आले होते.

मी उठायला गेलो. उठता येईना. मामाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि त्यानं आधाराला मला मिठी घालून घट्ट धरलं होतं.

"ह्ये काय चाललंय?" रंगनाथराव म्हणाले.

मग माझ्या खालून मामाचा आवाज आला. कढी पुन्हा सांडायला लागली होती. "नवस हुता, रंगनाथराव! संसाराला लागायच्या आधी आपलं समदं केस देवीला वाहायचं! म्हनलो हुतो ना, भरगच्च? ह्ये बघा!"

आणि त्यानं शंकरदादांच्या शेजारच्या ढिगाकडे हात केला. सकाळपासूनच्या सगळ्या पोरांच्या जावळांचा तो ढीग, गुडघ्याएवढा!

रंगनाथरावांनी नकळत हात जोडले. शालनच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. "येवढं केस! आन लग्नाच्या तोंडावर! आजकालच्या पोरांत कुटं ही भक्ती?" रांगेतल्या दोन म्हाताऱ्या तर पुढं येऊन माझ्या पाया पडायला वाकल्या.

आता मी गप्प बसलो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. खोटं निभावून गेलं होतं, देवीचा नवस फिटला होता, माझी अब्रू होती त्यापेक्षा वाढली होती. पण त्या म्हाताऱ्या पाया पडायला वाकल्या आणि माझ्या आतल्या कोंबडीनं पंख फडफडवले.

"ते माझे नाहीत!" मी ओरडलो. "माझे हे. एवढेच." आणि घोंगडीच्या कडेला पडलेले मूठभर झुपके दाखवले.

"बाळू, गप!" मामानं खालून चिमटा काढला.

"मला टक्कल आहे. पहिल्यापासून आहे. मामा खोटं बोलला आणि मी पोहे खात बसलो. मग मुंबईला जाऊन मागचे केस पुढं लावून आणले. ते गळाले. मग देवीनं दिले. ते मामानं कापले."

रंगनाथरावांचे जोडलेले हात हळूहळू सुटले. "म्हंजे तवा बैठकीत..."

"आधी मला उठवा कुनीतरी," मामा म्हणाला.

"चला गं," रंगनाथराव बायकोला म्हणाले. "परतीची गाडी बघू. जी मानसं केसाबद्दल खरं बोलत न्हाईत, ती जमिनीबद्दल काय बोलतील?"

आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. मी टोपड्याचा बंद सोडायचा प्रयत्न करत होतो. गाठ बसली होती. संपलं होतं सगळं.

"आप्पा, थांबा," शालन म्हणाली.

मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. ती पुढं आली. तिनं ती मनगटाएवढी जाड वेणी खांद्यावरून पुढं घेतली, रिबीन सोडली, बोटांनी काहीतरी उसवलं आणि एक झटका दिला. निम्मीअधिक वेणी तिच्या हातात आली!

"मग माझंही सांगून टाकते," ती म्हणाली. "हे गंगावन आहे. आईच्या गळालेल्या केसांचं. माझे हे, एवढेच." तिच्या खांद्यावर उंदराच्या शेपटीएवढी वेणी राहिली होती.

"मी हातात धरून बगितलं हुतं की गं!" आई किंचाळली.

"म्हणून तर मला झोप लागत नव्हती," शालन माझ्याकडे बघून म्हणाली.

त्या क्षणी मी तिच्या प्रेमात पडलो. गालाला तीट, डोक्यावर टोपडं, खाली मामा. जगात यापेक्षा चांगल्या अवस्थेत लोक प्रेमात पडत असतील, पण इतक्या खात्रीनं पडत नसतील.

शालनची आई पायरीवर मटकन बसली आणि पदरात तोंड लपवून हसायला लागली. रंगनाथराव आधी तिच्याकडे, मग गंगावनाकडे, मग माझ्या गोंड्याकडे बघत राहिले. "ह्ये मला बी म्हाईत नव्हतं," ते शेवटी म्हणाले. आबांनी चंची सोडली आणि त्यांच्यापुढं धरली. "फिटमफाट झाली. बसा, पान खावा."

मला हायसं वाटलं, तेवढ्यात माझं लक्ष आईकडे गेलं. ती कळसाकडे तोंड करून, डोळे मिटून, हात जोडून उभी होती. ओठ हलत होते.

"आई! नवस नको!"

तिनं डोळे उघडले. "बोलले बी. सूनबाईचं केस गुडघ्याला लागू दे म्हनलं." मग रंगनाथरावांकडे वळून म्हणाली, "हिच्या मामाला आधीच निरोप देऊन ठिवा."

लग्न ठरल्या तिथीला झालं. मी फेट्यात होतो, शालन त्याच गंगावनात. शालनचे केस काही गुडघ्याला लागले नाहीत, म्हणून तिचं जावळ टळलं. माझे मात्र पुन्हा उगवले, त्याच ओळीत, त्याच अंतरावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते अक्षरशः खरं ठरलं. लावलेल्या केसांनी आपली जात सोडली नाही. सोडली ती त्यांच्यामागं डोक्याच्या मधोमध असलेल्या केसांनी. आज पन्नाशीत माझ्या डोक्यावरचं मधलं सगळं रान पडीक आहे, आणि पुढं मात्र ती एकच सरळ ओळ, बांधावर शेराच्या झुडपांचं कुंपण उभं असावं तशी. आत राखायला काही नाही, पण कुंपण भक्कम!

ही ओळ कुणाची, याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, देवीनं दिलेली. आबा म्हणायचे, वेळेवर पाणी दिलं असतं तर नांग्या पडल्या नसत्या. कुणी नवा माणूस घरी आला की तो थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलतो आणि मग न राहवून विचारतो, "पुढचे तेवढे खोटे आहेत का हो?" मला खोटं बोलवत नाही. मी खुर्ची पुढं ओढतो आणि मिरजगावच्या पोह्यांपासून सगळं सांगायला घेतो. तोच आतून शालनचा आवाज येतो.

"अहो, ते सगळं सांगा सावकाश. आधी टोपी घाला."